करंजाखालचे पान

कुंभवती नगरीवर राजा भद्रसेनाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने राजवनातल्या करंजाखाली गांडुळाचा जन्म घेतला होता. गांडुळांत नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे सासर नावाचा प्रकारही नसतो. प्रत्येकाच्या अंगावरच्या पट्ट्याभोवती चिकट कडे तयार होऊन ते डोक्यावरून निसटते, त्याचा कोष बनतो, आणि ओल टिकली तर त्यातून पिल्ले बाहेर येतात. ओल टिकते ती वर कुजणाऱ्या पाल्यामुळे.

वनाच्या राखणदाराकडे रीत होती, की पौर्णिमेच्या कौमुदी उत्सवाला राजा वनात येईपर्यंत नव्या सुनेने रोज वन झाडायचे. त्या वर्षी चंपिका सून म्हणून आली. सासूला नाव ठेवायला जागा नको, म्हणून तिने झाडाखाली एक पानही शिल्लक ठेवले नाही; सगळा पाला बाजूला ढीग करून लावला. माती तडकली, करंज मलूल झाला. उपाशी गांडुळे ओढ्याकाठच्या पाचोळ्याकडे निघाली. बोधिसत्त्वालाही त्यांनी चल म्हटले.

"कोषांना पाय नाहीत," तो म्हणाला.

"पाय आपल्याला तरी कुठे आहेत?" एक म्हातारे गांडूळ म्हणाले.

"आपल्याला सरपटता येते. तुम्ही व्हा पुढे."

चंपिका पहाटे झाडून गेली, की तो ढिगातले एक पान टोकाला धरून ओढी आणि बिळाच्या तोंडात, कोषांवर दडपी. दुसऱ्या दिवशी ती ते उपटी. तो पुन्हा ओढी.

एकदा तो अर्ध्या वाटेवर असताना साळुंकी उतरली. पंखांचा वारा अंगाला लागला, तरी त्याने पान सोडले नाही. तेवढ्यात खराटा आपटला आणि साळुंकी उडाली. रोज पान कोण रोवते ते पाहायला चंपिका खोडाआड थांबली होती. तिने बिळाजवळची माती उकरली. तेवढीच ओली होती, आणि तिच्यात मोहरीएवढे कोष होते. तिने सगळा ढीग पुन्हा झाडाखाली पसरला.

गांडुळाला कान नसतात. पण सासूचा आवाज जमिनीतूनही पोचला.

"सूनबाई, झाडलेले पुन्हा पसरायचे, हे माहेरी शिकवले का?"

"नाही, सासूबाई. हे इथे शिकले. हात लावून पाहा."

सासूने मातीला हात लावला. मग सुनेच्या हातातला खराटा घेऊन ती घरी गेली.

उत्सवाला राजा आला तेव्हा करंजाला पालवी होती आणि पाल्याखाली पिल्ले वळवळत होती. वन न झाडताही इतके टवटवीत कसे, असे त्याने विचारले.

"मीच सांगितले होते सुनेला," सासू म्हणाली. चंपिका गालात हसली.

विहारात जमलेल्यांना ही कथा सांगून संपवल्यावर भगवान शास्ता म्हणाले, "ती सासू म्हणजे आपल्या विहाराचे अंगण लखलखीत ठेवणारी ही सोमा उपासिका. चंपिका म्हणजे तिच्याशेजारी बसलेली तिची सून. ती आताही हसते आहे. आणि पान न सोडणारे ते गांडूळ मी होतो. त्या जन्मी मी आचरली ती क्षांती, म्हणजे न चिडता, न डगमगता सोसणे."