येसबाची हलगी

वडाभोवती अजून पारसुद्धा बांधला नव्हता, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. तळवटे गावात येसबा दवंडीवाला होता. त्याची हलगी कडाडली की तीन कोसांवरची गुरं चरायची थांबायची, असं म्हणतात.

एकदा देवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले. देवळात झाडलोट करायची गोदूबाई, म्हणून आळ तिच्यावर. पंचांनी तिला गावाबाहेर काढलं. येसबानं पंचांच्या हुकमानं बारा वाड्यांत दवंडी पिटली, "गोदूबाई चोर!" बाई बोचकं घेऊन नदीपार गेली.

आणि तिसऱ्या दिवशी काय झालं! देवीच्या अंगावरचं शेंदराचं जुनं कवच धाडकन गळून पडलं. फोडून बघतात तर आत दोन्ही डोळे! जत्रेच्या घाईत गुरवानं डोळ्यांवरच शेंदूर थापला होता.

पाटील म्हणाले, "झालं गेलं. कुणीतरी जाऊन तिला सांगा, ये म्हणावं घरी."

"पाटील, आळ हलगीवर घातला," येसबा म्हणाला, "आन् सुटका कानात सांगायची व्हय?"

तो धावत सुटला. "ऐका हो ऐका! गोदूबाईवरचा आळ खोटा! बाई निर्दोष हाय!" एकेक वाडी, एकेक पाणवठा करत तो नदीवर पोचला. नदीला पूर, होडी बंद, आणि पलीकडच्या धर्मशाळेतून गोदूबाई परमुलखाला निघालेली, पाठ फिरवून! आता गेली की कायमची गेली. येसबानं हलगी अशी बडवली की कातडं फाटलं. मग तो नुसत्या गळ्यानं ओरडला. तेव्हा पुराचा आवाज थांबला, असं म्हणतात. पाणी वाहत होतं, पण गप्प!

गोदूबाई वळली. "पुन्हा म्हण," ती म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत येसबा म्हणत राहिला. त्यानंतर त्याच्या गळ्यातून जन्मात आवाज फुटला नाही, असं म्हणतात. त्याला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

तळवट्यात आजही कुणावर खोटा आळ आला, तर तो घालणाऱ्यानंच येसबाचं नाव घेऊन, हलगी गळ्यात घालून बारा वाड्या फिरायचं. गेल्या साली सरपंचांनी शाळेच्या शिपायाला भर सभेत चोर म्हटलं, आणि चूक कळल्यावर मोबाईलवर माफी धाडली. सकाळी त्यांच्या दारात हलगी! सरपंचांनी निमूट गळ्यात घातली. बाराव्या वाडीत घसा पार बसला, तरी ओरडले. शिपायाची म्हातारी आई तेव्हा कुठं जेवायला बसली.