जनार्दनशास्त्र्यांची नजर

एकदा एका विद्यापीठात सोपान नावाचा विद्यार्थी प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला आला आणि दारातच थबकला. इमारतीचे नाव होते आचार्य जनार्दनशास्त्री भवन. आत समोरच्या भिंतीवर आचार्यांचे भलेमोठे तैलचित्र. डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. या नजरेखालून जो परीक्षेला जातो त्याची दातखीळ बसते, असे विद्यार्थी एकमेकांना सांगत. आता विद्यार्थीच ते, त्यांना सांगायला काय लागते! पण सोपानने ते खरे मानले होते. इतक्या वर्षांचा अभ्यास पणाला लागला होता, आणि त्याला स्वतःच्या प्रबंधाचे नावही आठवेना. 

"गुरुजी, मी जातो परत," सोबत आलेल्या आपल्या वृद्ध गुरूंना तो म्हणाला. "मला नाही जमायचे. ते बघा ना कसे बघताहेत!"

गुरुजींनी त्याची समजूत घातली नाही. काठी टेकत ते तैलचित्रासमोर उभे राहिले आणि सर्वांदेखत मोठ्याने म्हणाले, "काय रे जन्या, अजून भितोस होय?"

दारावरचा शिपाई दचकला. सोपानच्या अंगावर तर काटाच आला. ज्यांचे नाव घेताना कुलगुरूही हात जोडत, त्यांना जन्या?

"अहो गुरुजी, हे काय भलतेच?"

"अरे, आम्ही एका बाकावरचे. तुला हा रागावलेला दिसतो ना? नीट पाहा. जन्या घाबरला की असेच डोळे मोठे करायचा. ओठ थरथरायचे, म्हणून घट्ट मिटून घ्यायचा. चित्रकारासमोर बसायचीही त्याला धास्ती. चित्रकाराने ते भय जसेच्या तसे उतरवले आणि लोकांनी त्याला करारीपणा म्हटले."

सोपानने भीतभीत मान वर केली. ते डोळे कुणालाच दरडावत नव्हते.

"मग ते एवढे मोठे कसे झाले?"

"तेव्हा या इमारतीला कुणाचेच नाव नव्हते. पिवळी इमारत म्हणायचे सगळे. याच दाराशी आम्ही परीक्षेला उभे होतो, आणि दोघांचीही सारखीच गाळण उडाली होती. जन्या थरथरतच आत गेला." गुरुजींनी काठीने इमारतीच्या मागच्या बाजूकडे खूण केली. "मी मागच्या जिन्याने पळालो. पुन्हा इथवर यायला मला फार वर्षे लागली, बाळ."

आतून सोपानचे नाव पुकारले गेले. त्याची भीती तसूभरही कमी झाली नव्हती. घामेजलेले तळहात त्याने सदऱ्याला पुसले आणि दार ढकलले.