सोनचाफ्याच्या ओटीची कहाणी

ऐका अंकुराई, तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. हातातल्या अक्षता घट्ट धरा, कुजबूज मागाहून करा.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं राजाची बाग होती, बागेच्या कडेला माळ्याचं घर होतं. राजे बदलले, माळ्याचं घर बदललं नाही. हौसा म्हातारीनं खडकात पहिलं आळं केलं. तिची सून सगुणा भेटकलम बांधायला शिकली. कुंडीतलं रोप मोठ्या झाडाशी न्यावं, दोघांची साल तासावी, जखमेला जखम लावून बांधावी, तीन महिने पाणी घालावं, मग आईझाडापासून तोडावं. बागेत सोनचाफे नाना परींचे झाले. कुणी लवकर फुले, कुणी उशिरा. कुणी फिका, कुणी केशरी.

त्या घरात अंकुराईचा वसा होता. श्रावणातल्या शुक्रवारी दारी येईल त्या बाईची ओटी चाफ्याच्या कलमानं भरावी. मोल घेऊ नये, कूळ पुसू नये, उद्या ये म्हणू नये.

सगुणेला मुलगा होता, रखमाजी. हुशार होता, खोटं कशाला बोलू? राजानं त्याला बागेची नवी आखणी सांगितली आणि तो फुगला. म्हणाला, "वाट बाणासारखी सरळ हवी. दोहों बाजूंना शंभर चाफे, एका उंचीचे, एका रंगाचे." सगळ्यांत मोठ्या फुलाचं झाड निवडलं, त्या एकाचीच शंभर कलमं बांधली. मग बाकीचे चाफे तोडले. शेवटी ते आईझाडही वाटेत तिरकं येतं म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड घातली.

सगुणा खाटेवरून ओरडली, "अरे मेल्या, शंभर लेकरं एका आईची! एकाला खोकला आला की शंभर खोकतील!"

रखमाजी म्हणाला, "आई, तुझा काळ गेला."

बायांनो, असं बोलणाऱ्याचाच काळ फिरलेला असतो.

मग श्रावण आला. पहिल्या शुक्रवारी कुंभारीण आली, लेकीसाठी कलम मागती झाली. रखमाजी म्हणाला, "राजाचं झाड कुंभाराच्या दारी शोभत नाही." दुसऱ्या शुक्रवारी कासारीण आली. "उद्या ये." तिसऱ्या शुक्रवारी कोंडाबाई परटिणीची नात आली, सासरी निघालेली. "मोल आण." पोर रिकाम्या ओटीनं सासरी गेली.

रखमाजीची बायको वेणू दाराआडून बघत होती. म्हणाली, "अहो, वसा मोडू नका."

"तू चूल बघ."

अंकुराई कोपली. मुळांना बुरशी लागली. एक झाड पिवळं पडलं, मग दहा पडली, मग शंभरच्या शंभर वाळली. राणीला देवीला वाहायला फूल मिळेना. राजा म्हणाला, "पुढच्या श्रावणात चाफा फुलला नाही, तर खुरपं खाली ठेवा आणि वेस ओलांडा."

रखमाजी डोकं धरून बसला. कलम बांधावं तर आईझाडच नाही. वेणू सासूकडे गेली. "आत्याबाई, आता हो कसं?"

सगुणा म्हणाली, "परसात बघ. बियांची दीडशे रोपं कुंड्यांत राखलीत मी. आणि आईझाडं गावच्या अंगणांत उभी आहेत, माझ्या सासूनं नि मी ओटीत दिलेली. झाड आपल्याकडे चालत येत नसतं. कुंडी घे, पदर पसर आणि जा."

मग वेणू कुंभारणीकडे गेली. ती म्हणाली, "माझ्या दारी तुमचं झाड शोभत नाही ना? मग कशाला आलीस?" वेणूनं मान खाली घातली. कुंभारीण म्हणाली, "बांध, तुझ्या सासूसाठी बांध. पण ही फुटकी कुंडी नको. माझी घे."

मग कासारणीकडे गेली. ती म्हणाली, "उद्या ये." वेणू उद्या गेली. "उद्या ये." परवाही गेली. तिसऱ्या खेपेला कासारीण हसली. "पाय दुखले? माझेही दुखले होते. बांध आता."

मग कोंडाबाईकडे गेली. तिच्या आळीत साठ चाफे, आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. कोंडाबाई म्हणाली, "तू नको. मोल मागणाऱ्याला धाड."

रखमाजी आला. साऱ्या आळीदेखत उभा राहिला. "चुकलो, मावशी."

"उपरणं पसर."

"पुरुषाची कुठं ओटी भरतात?"

"नाही भरत. आज भरू."

त्यानं उपरणं पसरलं. तिनं त्यात चाफ्याचं एक फूल टाकलं. "पहिलं कलम सुटेल ते राजाला नाही द्यायचं. माझ्या नातीच्या सासरी पोचवायचं. डोक्यावरून, चालत."

रखमाजी म्हणाला, "पोचवीन."

मग अंगणाअंगणांत कुंड्या बांधल्या. बाया पाणी घालू लागल्या. तीन महिन्यांनी कलमं जुळली, सुटली. पहिलं डोक्यावर घेऊन रखमाजी तीन गावं चालला, पोरीची ओटी भरली, मगच घरी जेवला. आल्यावर आखणीची दोरी काढली. वेणूनं ती हातातून घेतली. जिथं माती मानवेल तिथं झाड लावलं, आणि झाडांतून वाट काढली.

श्रावण आला. एक चाफा फुलला, तो सरतो तर दुसरा, दुसरा सरतो तर तिसरा. राजा बघायला आला. "वाट वाकडी का?"

रखमाजी म्हणाला, "महाराज, हिला पुसा."

वेणू म्हणाली, "शंभर अंगणांतनं आलेल्या माहेरवाशिणी या. रांगेत उभ्या राहायला शिपाई का आहेत?"

राजा हसला. बागेची आखणी त्या दिवसापासून वेणूच्या हाती दिली.

त्या दिवशी शुक्रवार होता. राणी पदर पसरून माळ्याच्या दारी आली. दारात कुंभारीण आधीच उभी होती. वेणू म्हणाली, "राणीसरकार, ती आधी आली." राणी मागं सरली, आपली पाळी येईतो उभी राहिली. खाटेवरून सगुणा म्हणाली, "आता मी मरायला मोकळी." पण मेली नाही हो! आणखी बारा श्रावण ओट्या भरल्या.

जशी अंकुराई वेणूला पावली तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाची ओटी रिकामी न जावो, कुणाची बाग एका झाडावर न राहो. ही साठ कलमांची कहाणी, पाचां फुलांत सुफळ संपूर्ण.