परत न गेलेल्या नळ्या

नदीकाठच्या एका राज्यात सटवाजी नावाचा राखणदार होता. बंधाऱ्याची दारं उघडायची आणि लावायची, एवढंच त्याचं काम.

त्या राज्यात हुकूम तांब्याच्या नळीतून जायचे. नळीवर राजाचा शिक्का. शिक्क्याची नळी नसेल तर कुणाचं ऐकायचं नाही, असा कायदा. नळ्या मोजक्याच होत्या. जास्त केल्या तर चोराचिलटांच्या हाती लागतील, अशी राजाला भीती. म्हणून रीत अशी, की नळी जिथं पोचली तिथल्या माणसानं ती रिकामी करून कोठीत परत धाडायची. कोठी चिमणाबाईच्या ताब्यात होती. ज्याला हुकूम धाडायचा असेल त्याला ती नळी द्यायची.

सटवाजी कामाला चोख. दार उघडलं की लगेच नळी परत. पण कधी चुकून दुसऱ्याचाच हुकूम त्याच्याकडे यायचा, कधी भिजून अक्षर पुसलेलं असायचं. असली नळी तो खोपटाच्या कोपऱ्यात भिरकावून द्यायचा. म्हणायचा, "हुकूम माझा नाही, मग नळीचं मी काय करू?" याला तो शिस्त समजायचा. होता निव्वळ आळस.

हळूहळू कोठीतली नळ्यांची फळी रिकामी होत गेली. चिमणाबाई चौकशी करत बंधाऱ्यावर आली, तर सटवाजी तिच्यावरच खेकसला, "माझ्या कामाची एकेक नळी परत दिलीय मी. वरच्या चौकीवाल्यांना विचार जा! विकून खाल्ल्या असतील त्यांनी." बाईनं वरच्या चौकीवर जाऊन त्याचं म्हणणं सांगितलं, पण तिथं एकही नळी नव्हती.

पुढं डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी फुगली. वरच्या चौकीवरून पाण्यावर नजर ठेवणारा लखू नळी मागायला कोठीत आला, तर फळीवर एकही नाही. तो तसाच बंधाऱ्याकडे पळत सुटला.

"सटवाजीमामा, दारं उघडा! लोंढा येतोय!"

"नळी कुठाय?"

"कोठीतच नाही, तर आणू कुठनं?"

"मग हुकूमही नाही. उद्या कुणीही येऊन बोंबलेल. चालता हो!"

लखू चिंब भिजला होता. पागोटं पिळायला तो खोपटात वाकून शिरला, आणि तिथंच थबकला. कोपऱ्यात कमरेएवढा नळ्यांचा ढीग.

"मामा, आम्ही विकून खाल्ल्या होय?"

"त्यात... त्यात माझे हुकूम नव्हते."

"हुकूम नव्हते. नळ्या तर होत्या ना!"

सटवाजीचे कान तापले. तो दारांकडे धावला. दारं उघडली, पण तोवर तुंबलेलं पाणी काठावरच्या कुंभारवाड्यात घुसलं होतं. माणसं वाचली. भाजायला रचलेल्या मडक्यांचा मात्र चिखल झाला.

सकाळी सटवाजी सगळ्या नळ्या टोपल्यात भरून, डोक्यावर घेऊन कुंभारवाड्यातूनच कोठीकडे निघाला. बायका दारातला गाळ उपसत होत्या. कुणी शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

चिमणाबाई एकेक नळी पुसून फळीवर ठेवू लागली.

"चिमणाबाई, मला काहीतरी बोल," सटवाजी खाली मान घालून म्हणाला.

"बोलायला सवड कुणाला आहे? बाजूला सरक. तुझ्यामागं माणसं खोळंबलीत."

तात्पर्य: सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू आपल्या हाती येऊन थांबली, की ती मोकळी करून परत देणं हे आपलंच काम, तिच्यातून आपला मतलब साधला की नाही, हे बघत बसू नये.