होडीच्या बुडातली तोटी

एका जंगलाचे रुंद खाडीने दोन भाग केले होते आणि जनावरांना पैलतीरी नेणारी होडी एकच होती. तिचा तांडेल होता माकड. होडीच्या फळ्यांखाली, अगदी बुडाशी, एक उंदरीण तीन पिल्लांसह राहत असे. तिथेच बुडाला आरपार भोक पाडून पितळी तोटी बसवली होती. होडी काठावर ओढली की साचलेले पाणी त्या वाटेने सोडून देत. एके सकाळी उंदरिणीच्या पायांना गार लागले. हिरव्या पडलेल्या पितळेच्या कडेने खाडीचे पाणी आत झिरपत होते.

"तांडेलदादा, तोटी गळतेय. होडी काठावर घ्या नि एकदा बघा," ती म्हणाली.

"हळू बोल," माकड म्हणाले. "कुणी ऐकलं तर घबराट पसरेल. मग होडीत बसेल कोण?" आणि त्याने तोटीवर एक फळी सरकवली. पाणी दिसेनासे झाले इतकेच, यायचे काही थांबले नाही. दुसऱ्या दिवशी उंदरिणीने पुन्हा सांगितले. "तुझं रडगाणं संपत नाही का गं?" माकड हसले.

तिसऱ्या दिवशी शेळी, ससा आणि रानडुक्कर होडीत बसले. खाडीच्या मध्यावर उंदरिणीचे घरटे भिजले. तिने माकडाची शेपटी ओढून त्याला खाली आणले. घट्ट बसावी म्हणून त्याने तोटीवर दगड हाणला आणि मुलांनो, आतून झिजलेले ते पितळ कटकन मोडले. मनगटाएवढी धार उसळली. "वर एक अक्षर बोललीस," माकड दात विचकून म्हणाले, "तर पिल्लांसकट पाण्यात फेकीन."

"तांडेल, पाय कसे ओले झाले हो?" वरून सशाने विचारले.

"लाटेचे शिंतोडे आहेत. बसून राहा."

उंदरिणीने पिल्लांना उंच फळीवर ठेवले, पण पाणी तिथेही पोचले. धाकटे पिल्लू तिच्या मानेला बिलगून थरथरत होते. तेव्हा ती वर चढली आणि कापत्या आवाजात म्हणाली, "बुडाला भोक पडलंय. हा तीन दिवस गळती लपवतोय."

ससा किंचाळला. रानडुक्कर उठताच होडी एका अंगाला कलली. क्षणभर वाटले, संपले सारे. मग शेळी म्हणाली, "भोक कुठाय ते दाखव बाई." तिने नांगराचा दोर चावून चावून जाड बोळा केला, सशाने मागच्या पायांनी तो भोकात ठासला आणि रानडुक्कर त्यावर पाठ टेकून बसले. गळ्याइतक्या पाण्यात, भीतीने डोळे मिटून, ते काठ लागेपर्यंत हलले नाही.

चिखलात पाय टेकताच माकड ओरडले, "या उंदरिणीनं घबराट पसरवली!"

"पसरवली ना," शेळी दातांतला काथ्या काढत म्हणाली. "म्हणून तर तुझं बोलणं ऐकायला आम्ही जिवंत आहोत."

तात्पर्य : लोक घाबरतील या सबबीखाली जो धोका लपवतो, तो लोकांना नव्हे, स्वतःच्या चुकीला वाचवत असतो. संकट वेळेवर कळले, तर घाबरलेली माणसेही त्यातून वाट काढतात.