डरांव आणि डुरांव

कोण्या एके काळी एका तळ्याचे बेडूक फुटून दोन काठांवर राहत होते. इकडचे ‘डरांव’ म्हणत, तिकडचे ‘डुरांव’. बगळा दोन्हीकडचे गिळत होता. शेवटी ढबूआत्या कासवीण कळवळली आणि तिने फुगोबा व तुंबाजी या दोन्ही नाईकांना आपल्या पाठीवर समोरासमोर बसवलं.

दोघांचं सगळ्यावर एकमत झालं. आत्याला आनंदाने रडू आलं.

“तळं एक झालं, पण मग नाईक कोण?” फुगोबाने विचारलं.

दोघांनी आपापल्या काठाकडे पाहिलं.

“फुगोबा, मला जरा शिवी देता का?” तुंबाजी हळूच म्हणाला.

“अवश्य. आधी तुम्ही द्या.”

शिव्या झाल्या. दोघांनी प्रेमाने निरोप घेतला आणि रागाने फुगून आपापल्या काठावर उड्या मारल्या. तिथे त्यांचा जयजयकार झाला. आत्यावर मात्र दोन्ही काठांवरून चिखल आला.