सटवाजीचे आवतण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळून त्यांना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे निमंत्रण देण्याची रीत आहे. इनामदार भुजंगरावांच्या अंगणात गावासमक्ष हा सोहळा चालला असता वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार सटवाजी म्हणाला, “मालक, उद्या एक दिवस घरी लेकरांत जेवीन म्हणतो.”

“पोळा बैलांचा!” इनामदार गरजले. “ज्याच्या खांद्यावर जू, त्यालाच सुट्टी. तू उद्या कुंपण घाल.”

सटवाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन पेरणीत पवळ्या बैल लंगडला, तेव्हा इनामदारांनी त्याच्या जागी सटवाजीलाच जुंपले होते; साऱ्या गावाने ते पाहिले होते. त्याने अंगातली बंडी काढली, बैलांच्या रांगेत जाऊन तो उभा राहिला आणि खांद्यावरचा काळा व्रण त्याने पुढे केला.

“हे जू कुणी ठेवलं, मालक? आता मळा खांदा!”

साऱ्या गावाच्या नजरा इनामदारांकडे वळल्या. “जा, दिली सुट्टी,” इनामदार पुटपुटले.

“आवतणाशिवाय बैलसुद्धा हलत नाही, मालक.”

अखेर इनामदारांची लोण्याने माखलेली बोटे व्रणावर टेकली.

“आज आवतण घ्या,” इनामदार दातओठ खात म्हणाले, “उद्या जेवायला या.”

“जेवतो की,” सटवाजीने बंडी खांद्यावर टाकली, “पण माझ्या गोठ्यात.”